खाऱ्या पाण्यात घासलेला पंखा

दिनानाथ ठाकूर कुणाचे चार शब्द ऐकून घेईल, अशी आशा पेण तालुक्यात आता कुणी धरत नाही. पूर्वीही फारशी कुणी धरत नव्हतं. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत याची उजवी भुवई वर चढायची, नाकातून बारीकसा 'हं' निघायचा आणि बोलणाऱ्याला वाटायचं, आपण आज उगाच घराबाहेर पडलो. अंगात काही विद्या नसती तर लोकांनी या माणसाला केव्हाच ओवाळून टाकलं असतं. पण दिनानाथला एक विद्या येत होती, आणि लोकांच्या दुर्दैवानं चांगली येत होती.

ती विद्या म्हणजे बोटीचा पंखा घासायची. खऱ्या बोटीचा नव्हे. नऊवारी नेसून मासळीला निघालेल्या बाईच्या टोपलीत मावेल एवढी बोट, तिच्यात मुठीएवढं इंजिन, आणि काठावर उभा राहून रिमोटनं तिला पळवणारा एक मिशीवाला बाप्या. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी रोह्यात हे खूळ आलं. जहाजावरची नोकरी संपवून आलेल्या एका गृहस्थानं पेटीतून दोन बोटी आणल्या, गावाबाहेरच्या तळ्यात सोडल्या, आणि बघता बघता आसपासच्या कंपन्यांतले फिटर, गॅरेजवाले, दुकानदार असे संसारी लोक तळ्याच्या काठावर उकिडवे बसायला लागले. दर वर्षी शिमग्याच्या आधीच्या रविवारी शर्यत ठरली. बाया धुणं घेऊन जाताना बघायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. त्यांचं काही चुकत नव्हतं.

दिनानाथचा जन्म पेणच्या खाडीकडच्या एका गावातला. बाप विठू ठाकूर मिठागरात राबायचा. भरतीचं पाणी खाचरात घ्यायचं, उन्हात आटवायचं, एका खाचरातून दुसऱ्यात फिरवायचं, आणि मग फळीनं मीठ ओढून ढीग लावायचे. विठूच्या टाचांच्या भेगांत कायम मीठ असायचं. दिनानाथला त्या टाचांची लाज वाटायची, आणि ही गोष्ट तो लपवायचाही नाही. आयटीआय करून नागोठण्याजवळच्या एका कंपनीत फिटर म्हणून लागला त्या दिवशी त्यानं सांगून टाकलं, "मी आता मिठागरात पाय ठेवायचा नाय." बाप म्हणाला, "नको ठेवू." एवढंच. बाप मेला तेव्हाही मुलानं बांधावरूनच पिंड दिला, अशी गावात बोलवा आहे. ती खोटी असेल, पण खोटी वाटत नाही.

कंपनीत त्याला कानस हातात मिळाली आणि त्या कानशीनं त्याचं डोकं फिरवलं. कुठलाही धातू असो, कुठं किती खायचा हे त्याच्या बोटांना कळायचं. शर्यतीच्या बोटीचा पंखा त्याच्या हाती आला आणि त्याला आपला जन्म कशासाठी झाला ते समजलं. पंखा म्हणजे पितळेची दोन पाती, पुरीएवढीही नाहीत. पण पातं किती लांब, किती रुंद, किती पिळलेलं, यावर सगळा खेळ. जास्त पीळ दिला तर पंखा एका फेऱ्यात लांब मजल मारतो, पण इंजिनाला ओझं होतं आणि ते दबून खोकायला लागतं. कमी दिला तर इंजिन मोकळं सुटून किंचाळतं आणि बोट जागची हलत नाही. मधली जागा शोधायची. दिनानाथ ती कानानं शोधायचा. इंजिनाचा सूर ऐकून तो सांगायचा, अजून इथं केसभर खायला पाहिजे. मग पात्याची कड घासायची, मागच्या कडेला वाटीसारखा हलका खोलगटपणा द्यायचा, ओल्या पॉलिशपेपरनं आरशासारखं करायचं, आणि पंख्यात सळई घालून, ती दोन दाढीच्या ब्लेडांच्या धारेवर ठेवून पंखा तोलायचा. एक पातं जड असलं तर ते खाली झुकतं. त्याचं पातं झुकत नसे.

हे सगळं खरं. पण माणसानं आपली विद्या कपाळावर चिकटवून फिरावं का? रोह्याचा काळुराम, सायकलच्या दुकानाचा मालक, मुंबईहून तयार पंखे मागवायचा आणि तसेच लावायचा. दिनानाथ त्याला सगळ्यांसमोर 'विकत्या' म्हणायचा. काळुरामचा पंखा चिमटीत धरून, मेलेलं झुरळ धरावं तसा, उन्हात फिरवायचा आणि म्हणायचा, "ह्यो पंखा हाय का उलथना?" काळुराम हसायचा. जाड कातडीचा आनंदी माणूस. त्याला शर्यत हरली काय, जिंकली काय, दुपारी वडे मिळाले की झालं. दिनानाथला त्याच्या हसण्याचा सगळ्यात जास्त तिटकारा होता.

आणि होता गुणाजी. गुणाजी पेणजवळच्या जोहे गावचा, घरची भातशेती, आणि बाकीचं वर्ष गणपतीच्या कारखान्यात. मूर्ती घासून गुळगुळीत करण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. दिनानाथच्या बोटीचा सांगाडा तो करायचा. पातळ लाकडाचा, वर फायबरचा थर, मग रंग. गुणाजी स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या सुट्टीत, स्वतःच्या अंगणात बोट करायचा आणि दिनानाथ तिला पंखा लावून आपली म्हणायचा. पहिल्या वर्षी ते जिंकले. दिनानाथ म्हणाला, पंख्यानं जिंकलो. पुढच्या दोन वर्षी हरले. दिनानाथ सगळ्या तळ्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्यानं बोट नाय केली, गणपती केलाय. गणपती पाण्यात काय करतो? बुडतो!"

लोक हसले. गुणाजी हसला नाही. त्या वर्षी तो एकटाच एसटीनं घरी गेला.

पावसाळ्यानंतर तो दिनानाथच्या घरी आला. दिनानाथची बायको सगुणा हिनं चहा ठेवला. गुणाजीनं कप हातात घेतला, प्यायला नाही.

"दिना, काळुराम माझ्याकडं बोट मागतोय," तो म्हणाला.

"हं. विकत्याला बोट! आणि तू देशील?"

"ह्या सालाला मी तुझ्यासाठीच करतोय. पण आता एक बोली करायची. हरलो आणि माझ्या बोटीची चूक निघाली तर तू खुशाल सगळ्यांपुढं सांग. पण पंख्याची चूक निघाली तर तू सगळ्यांपुढं सांगायचं, पंखा माझा चुकला. तेवढं एक वाक्य. नाय सांगितलंस तर मी काळुरामकडं."

दिनानाथची भुवई वर गेली. "माझा पंखा? चुकला तर ना!"

"चुकला तर," गुणाजी म्हणाला. "बोल, व्हय का नाय?"

"व्हय रे बाबा, व्हय," दिनानाथ म्हणाला, एखाद्या हट्टी पोराला म्हणावं तसं. सगुणानं आतून ऐकलं आणि ती दाराशी येऊन उभी राहिली. या घरात येणारा-जाणारा, नवऱ्याला अरे-तुरे करणारा, दारातून 'वैनी, हाय का चहा' विचारणारा हा एकच माणूस उरला होता. बाकी सगळे त्या भुवईला कंटाळून कधीचे गेले होते. हे सगुणाला कळत होतं, दिनानाथलाही कळत असणार. पण कळलेलं वागण्यात आणलं तर तो दिनानाथ कसला?

गुणाजीनं त्या वर्षी जीव ओतला. थंडी सरताना बोट आली ती निळी, कमरेला लाल पट्टा, आणि इतकी हलकी की उचलताना हात चुकून जास्तच वर जायचा. दिनानाथनं ती उलटीपालटी केली, बोट वाजवून बघितली आणि म्हणाला, "रंग जरा जास्त झालाय." एवढं कौतुक गुणाजीला पुरलं.

आता पंखा. दिनानाथनं पितळेचा कच्चा ओतीव पंखा आणून ठेवला होता, मुद्दाम मोठा. मोठा आणायचा आणि घासत घासत खाली यायचं, ही त्याची रीत. घासलेलं पितळ पुन्हा चिकटत नाही, म्हणून इतर लोक दोन-तीन पंखे जवळ ठेवतात. दिनानाथ त्यांना भेकड म्हणायचा. त्याचा पंखा एकच.

पंखा लावून तो गावच्या तळ्यावर गेला आणि बोट पाण्यात सोडायच्या आधी काठावरच इंजिन चालू केलं. दर वर्षी तिथंच बोट सोडून बघायचा. इंजिनात मिथेनॉल आणि एरंडेल जळतं, त्याचा निळा धूर पसरतो आणि आवाज असा की म्हशी दावं तोडतील. तळ्यावर धोंडुबाई गोधड्या धूत होती. दिनानाथच्या बापाच्या वयाची बाई, त्याला अंगाखांद्यावर खेळवलेली.

"दिन्या, जरा थांब ना रे," ती म्हणाली. "एवढ्या गोधड्या होऊ दे. तेल उडतंय त्यांच्यावर."

कुणीही शहाणा माणूस थांबला असता. बीडी ओढून झाली असती. दिनानाथ म्हणाला, "काकी, तुझ्या गोधडीला आणखी किती घाण लागायची राहिलीय?"

झालं. धोंडुबाईनं हातातलं धोपटणं टाकलं आणि पदर खोचला. "बापाच्या पायाला मीठ होतं, तुझ्या जिभेला हाय! कंपनीचा कपडा घातला म्हणून माणसात आला का रे तू? ह्या तळ्यात तुझं ते भूत परत दिसलं ना, तर दगड घालीन त्याच्यावर!" चारी बाजूंनी बाया जमल्या. सगळ्यांचं त्याच्याकडे काही ना काही बाकी होतं, ते त्यांनी त्या दिवशी वसूल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी गावानं ठरवलं, तळ्यात बोट सोडायची नाही. माफी मागितली असती तर धोंडुबाईनंच परवानगी दिली असती, वर भाकरीही वाढली असती. पण माफी? अडाणी बाईची? दिनानाथनं सायकल काढली आणि बोट काखोटीला मारून सरळ खाडीच्या अंगाला गेला. मिठागरात.

हंगाम भरात होता. मीठ धरायच्या आधीची खाचरं उन्हानं तापून पाणी दाट झालेलं, वारा नाही, लाट नाही, माणूस दूर. दिनानाथला जागा एकदम पसंत पडली. जन्मात पाय ठेवणार नाही म्हणालेल्या ठिकाणी तो पँट दुमडून उतरला आणि बोट पाण्यावर ठेवली. बोट मजेत वर तरंगली, लाल पट्टा सगळाच्या सगळा पाण्याबाहेर. दिनानाथ खूश झाला. गुणाजीला दोन वर्षं सगळ्यांपुढं झोडपला त्याचा हा परिणाम, असं त्यानं मनाशी ठरवलं. बोट हलकी झाली ती याच्या शिव्यांमुळे! माणसाचा गर्व कुठून कुठून खाणं शोधतो बघा.

इंजिन चालू केलं तर ते दबलं. घोगरं, कफ झाल्यासारखं. पंखा मोठा पडतोय, दिनानाथनं निदान केलं. घरी आला, टोकं घासली. पुन्हा गेला. तरी दबलं. पुन्हा घासली, पीळ थोडा उतरवला. रोज कंपनीतून सुटला की मिठागर आणि मिठागरातून आला की कानस, असं त्याचं चाललं. सगुणा त्याच्या पँटवरचं पांढरं मीठ झटकून धुवायची आणि कपाळाला हात लावायची. शेवटी एका संध्याकाळी इंजिनानं तो सूर धरला. स्वच्छ, ताणलेला, कुठंही न तुटणारा. बोट पाण्यावरून सुसाट गेली. दिनानाथ एकटाच बांधावर उभा राहून हसला. त्यानं गुणाजीला निरोप पाठवला, "काळुरामला सांगून ठेव, वडे खायला लवकर ये."

शर्यतीच्या सकाळी दोघं पेणहून गाडीनं निघाले. बोट गोधडीत गुंडाळून गुणाजीच्या मांडीवर. निडी स्टेशन येईपर्यंत दिनानाथ दोन पाती कशी काय बसलीत हेच सांगत होता, आणि गुणाजी ऐकत होता. त्यालाही आज जिंकायचं होतं. आपल्या बोटीनं जिंकायचं आणि याच मूर्ख माणसाबरोबर जिंकायचं, असं त्याला मनापासून वाटत होतं. अशी माणसं असतात, आणि ती नेमकी दिनानाथसारख्यांच्या वाट्याला येतात.

रोह्याचं तळं भरलेलं, गोड्या पाण्याचं. गुणाजीनं बोट अलगद पाण्यावर ठेवली. दिनानाथ रिमोट हातात घेऊन वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. लाल पट्टा अर्धा पाण्यात गेला होता.

दिनानाथ मिठागरात वाढला होता. लहानपणी त्या आटलेल्या पाण्यात तो पाठीवर पडायचा आणि हातपाय न हलवता तरंगायचा; पाणीच उचलून धरायचं. ते पाणी जड असतं हे मिठागरातल्या शेंबड्या पोरालाही कुणी शिकवावं लागत नाही. बोट हलकी नव्हतीच. पाणी जड होतं. इंजिन दबत होतं ते पंखा मोठा म्हणून नव्हे, पाणी दाट म्हणून. आणि त्या दाट पाण्यासाठी यानं सोन्यासारखा पंखा घासून घासून चिमुकला करून ठेवला होता. या पातळ पाण्यात त्या पात्यांच्या हाती काही लागणार नव्हतं. इतकी वर्षं बापाच्या पाण्याला नाक मुरडलं, आणि ते पाणी इतकं विसरला की त्यात उभा राहूनही ओळखू शकला नाही.

सरावाला बोट सोडली. इंजिन किंचाळलं, बोट नाक वर करून जागीच फसफसली. काठावरच्या माणसांनी माना वळवल्या.

काळुराम हातात एक डबा घेऊन आला. डब्यात कापसात ठेवलेले त्याचे पंखे. "दिनाशेठ, ह्यातला मोठा लावून बघा ना," तो म्हणाला. "मला नाय लागत. येळ हाय अजून."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. गुणाजीनं डब्यातला एक पंखा उचलला, बोटीच्या मागं धरून बघितला. बसत होता. "लाव ना, दिना," तो हळू म्हणाला. "काय जातंय?"

दिनानाथचं तोंड लाल झालं. "विकत्याचा पंखा मी लावीन? मेलो तरी नाय!"

गुणाजीनं पंखा परत कापसात ठेवला. 

शर्यत सुरू झाली. बाकीच्या बोटी पाणी उडवत सुटल्या आणि निळी बोट मागं, शेपूट बुडवून, नुसती बोंबलत. तिच्याहून सुंदर बोट तळ्यात दुसरी नव्हती, त्यामुळे ती आणखीच केविलवाणी दिसत होती. काळुरामनं तिला एक फेरा मागं टाकलं, मग आणखी एक. दिनानाथनं रिमोटची कांडी शेवटपर्यंत दाबून धरली होती. इंजिन मोकळं सुटून इतकं तापलं की एकदम कच्चकन जाम झालं आणि बोट तळ्याच्या मधोमध उभी राहिली. धूर निघाला. गुणाजी कपड्यांनिशी पाण्यात शिरला आणि तिला पोटाशी धरून बाहेर घेऊन आला.

माणसं जमली. काळुराम आला, जहाजावरचे ते गृहस्थ आले, दर वर्षी दिनानाथकडून आपल्या पंख्याचा उद्धार ऐकून घेणारे सगळे आले. यातल्या एकालाही हसायची घाई नव्हती. खरंच काय झालं, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

"काय झालं हो?" गृहस्थांनी विचारलं.

गुणाजीनं दिनानाथकडे बघितलं. अंगावरून पाणी गळतंय, हातात बोट, आणि डोळ्यांत राग नाही. तो वाट बघत होता. एक वाक्य. दिनानाथच्या घशापर्यंत ते आलंही असेल. त्यानं घासलेल्या पंख्याकडे बघितलं, लोकांकडे बघितलं. ज्यांच्या पंख्यांना त्यानं वर्षानुवर्षं उलथनं म्हटलं होतं ते सगळे समोर उभे होते. त्याचं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

आणखी थोडा वेळ गेला असता तर लोकांनी स्वतःच पंखा बघितला असता. गुणाजीनं बोट जरा फिरवली, पंख्याची बाजू आपल्या पोटाकडे घेतली.

"बूड वाकडं झालं हो," तो म्हणाला. "माझ्या हातून. घासताना एका अंगाला जास्त खाल्लं. पंख्याची काय चूक नाय."

सगळे दिनानाथकडे वळले.

"व्हय," दिनानाथ म्हणाला.

लोक हळहळले. कुणी गुणाजीच्या पाठीवर थाप मारली, कुणी म्हणालं, होतं असं. मग सगळे वड्यांकडे गेले. गुणाजी खाली बसला. खिशातून पाना काढून त्यानं मागचा नट सोडवला, पंखा काढला, ओल्या सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि दिनानाथच्या तळहातावर ठेवला. मग बोट काखेत घेऊन काळुरामच्या टेम्पोकडे चालायला लागला.

जाताना त्यानं एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर द्यायला दिनानाथला येत होतं.